लेव्हल ३ वाचली की ट्रिप रद्द? तिहुआना, मातामोरोस आणि बॉर्डरपलीकडची गावं

तिन्हीसांज

सॅन डिएगोत येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली नऊ वर्षं माझे, नवऱ्याचे आणि इकडे राहायला आल्या की सासूबाईंचेही दात सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या एकाच डॉक्टरीणबाईंकडे दाखवतो. सान इसिद्रोला गाडी पार्क करायची, चालत पलीकडे जायचं, तिथून दहा मिनिटांत दवाखाना. परत येताना लाईन लागते तेवढाच काय तो त्रास.

मागच्या महिन्यात डॅलसहून बहीण आली होती, मुलांना आवेनिदा रेव्होल्युसिओनवर ती झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेली गाढवं दाखवायची असं दोन महिने ठरलेलं. (पूर्वी ब्लॅक अँड व्हाईट फोटोत पांढरं गाढव उठून दिसायचं नाही म्हणून पट्टे काढायला लागले, तेव्हापासून ती तिहुआनाची ओळख.) शुक्रवारी रात्री तिच्या मिस्टरांनी सहज म्हणून स्टेट डिपार्टमेंटचं, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं, प्रवाससूचनांचं पान उघडलं. तिहुआना ज्यात येतं ते बाहा कॅलिफोर्निया राज्य, एक ते चारपैकी लेव्हल ३, जायचं का याचा पुन्हा विचार करा, कारणांत गुन्हेगारी आणि अपहरण. झालं, सगळं तिथेच थांबलं. मी वाद घातला नाही, लहान मुलं बरोबर असताना घालूही नये, पण मुलं हिरमुसली आणि मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

मंगळवारी माझी अपॉइंटमेंट होती. रिसेप्शनवरच्या मुलीसमोर वही उघडी होती, त्यात त्या आठवड्याच्या पानावर नावांवर पेन्सिलीने रेघा मारलेल्या, एकाखाली एक. मी मोजल्या नाहीत पण पान जवळजवळ रेघांनीच भरलं होतं. ती म्हणाली नवीन वॉर्निंग आली की तीन दिवस फोन वाजतो तो फक्त कॅन्सल करायला, आणि लोक विचारत नाहीत की काय झालं, कुठे झालं, नुसतं नंतर बघू म्हणतात. पेन्सिल का, तर पूर्वी पेनने लिहायचे, आता नाही लिहीत.

ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये म्हणून धागा काढला. तुम्ही कोणी बॉर्डरपलीकडे जाता का? या सूचना वाचून ठरवता का? आणि त्याचा पलीकडच्या माणसांवर काय परिणाम होतो याबद्दल कोणाला काही माहिती असेल तर लिहा प्लीज.

मुक्काम_फिनिक्स

छान विषय काढलात. आम्ही दर थंडीत रॉकी पॉइंटला जातो, म्हणजे प्वेर्तो पेन्यास्को, सोनोरा राज्य, ते पण लेव्हल ३. फिनिक्सकरांचा हक्काचा समुद्र आहे तो, चारेक तासांचा ड्राइव्ह.

माझं एकच म्हणणं आहे, लेव्हलच्या खालचा मजकूर वाचा हो. मी तो पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा कळलं की सगळ्यात उपयोगाची ओळ पार खाली असते, अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांना कुठे जायला परवानगी आहे आणि कुठे नाही. सोनोराच्या भागात लिहिलंय की लूकव्हिल-सोनोयता क्रॉसिंगवरून हायवे ८ ने दिवसाउजेडी ते पेन्यास्कोला जाऊ शकतात. म्हणजे ज्यांनी लेव्हल ३ लिहिली त्यांचीच माणसं त्या रस्त्याने बीचवर जाऊ शकतात, फक्त अंधारात नाही. आम्ही तेच आमचे नियम करून टाकलेत, अंधार पडायच्या आत पोचायचं, अंधार पडायच्या आत निघायचं, वाटेत उगाच थांबायचं नाही, आणि मेक्सिकोचा गाडीचा इन्शुरन्स आधी काढायचा कारण इथली पॉलिसी तिकडे मानत नाहीत.

आणि एक सांगतो, २०२३ च्या डिसेंबरमध्ये लूकव्हिलचं क्रॉसिंगच महिनाभर बंद होतं, स्थलांतरितांची गर्दी वाढली म्हणून, गुन्हेगारीचा संबंध नव्हता. ज्यांच्याकडे आम्ही उतरतो त्या मावशी नंतर म्हणाल्या की आमच्यासाठी दोन्ही सारखंच, बॉर्डर बंद झाली काय आणि तिकडे वॉर्निंग छापून आली काय, खोल्या रिकाम्या.

नदीकाठ

मी रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात राहतो, टेक्सासच्या टोकाला. इथून जरा वेगळं दिसतं म्हणून लिहितोय, कृपया राग मानू नका.

३ मार्च २०२३. मातामोरोस, ब्राउन्सव्हिलच्या समोरचं गाव, मधे फक्त नदी. साउथ कॅरोलायनाहून चार जण गाडीने आले होते, त्यातल्या एकीला पलीकडे कॉस्मेटिक सर्जरी करून घ्यायची होती. भरदिवसा गोळीबार झाला, चौघांना पिकअपच्या मागे टाकून नेलं, चार दिवसांनी सापडले तेव्हा दोघं गेलेले. रस्त्याने चाललेली एक मेक्सिकन बाईही त्या गोळीबारात गेली, तिच्याबद्दल फार कोणी लिहिलं नाही. मातामोरोसचं राज्य तामाउलिपास तेव्हाही लेव्हल ४ होतं, म्हणजे जाऊच नका, आणि २०१८ ला ही लेव्हलची पद्धत सुरू झाली तेव्हापासून लेव्हल ४ च आहे. त्या पानावर बंदुकीच्या चकमकी, अपहरण, बस अडवून लोकांना खंडणीसाठी नेणं, सगळं लिहिलेलं होतं आणि अजून आहे.

माझ्या ऑफिसातल्या दोघी जणी त्या आठवड्यापर्यंत नियमित मातामोरोसला जायच्या, एकीची तर आत्या तिकडे राहते. ती आता आत्याला पुलाच्या अलीकडे बोलावून भेटते. त्यामुळे लोक घाबरून रद्द करतात याचं वाईट वाटतं हे खरं, पण सूचना खोटी आहे असा सूर मला तरी लावता येत नाही.

तिन्हीसांज

नदीकाठ, राग कसला? हे मांडायलाच हवं होतं. सूचना खोटी आहे असं मलाही म्हणायचं नाहीये. तिहुआनात २०१८ साली अडीच हजारांवर खून झाले हे मला माहीत आहे. माझा प्रश्न असा आहे की सगळ्या राज्याला एकच आकडा दिला की वाचणारा त्यातून काय घेतो.

मोजमाप

मी टुरिझमच्या आकडेवारीवर काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितोय, लांबलं तर माफ करा.

पहिली गोष्ट, वॉर्निंगचा परिणाम आणि घटनेचा परिणाम वेगळा काढणं फार अवघड असतं. दोन्ही एकाच वेळी येतात. कोणी मारलं गेलं की टीव्हीवर चित्रं, पाठोपाठ सूचना, आणि मग हॉटेलं रिकामी. लोक टीव्ही बघून थांबले का सूचना वाचून?

तिहुआनाचंच घ्या. २००८ ते २०१० या काळात रेव्होल्युसिओनवरची दुकानं धडाधड बंद पडली. सगळे म्हणतात ड्रग वॉर आणि अमेरिकेच्या वॉर्निंगा. पण त्याच काळात अमेरिकेत मंदी होती, २००९ च्या वसंतात स्वाइन फ्लू आला, आणि १ जून २००९ पासून जमिनीवरून परत येणाऱ्या अमेरिकी नागरिकांना पासपोर्ट किंवा तसंच अधिकृत कागदपत्र सक्तीचं झालं. त्याआधी बरेच जण नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून यायचे, पासपोर्ट नसलेलं कुटुंब एका दुपारसाठी पासपोर्ट काढायला जाणार नाही. त्यात ११ सप्टेंबरनंतर तपासणीच्या लाईनी लांबल्याच होत्या. एवढं सगळं एकत्र असताना नुसतं वॉर्निंगने गाव बुडवलं असं म्हणणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला नेहमी खटकते आणि इथे धागाकर्तीशी पूर्ण सहमत. मार बसतो तो सगळ्यांना सारखा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये स्टेट डिपार्टमेंटने मेक्सिकोची सूचना कडक केली, त्यात कॅनकूनचं किंताना रो आणि लोस काबोसचं बाहा कॅलिफोर्निया सूर ही राज्यंही घेतली. केवढी ओरड झाली होती. पण मेक्सिकोत येणारे परदेशी पर्यटक २०१७ ला ३.९ कोटी होते ते २०१९ ला साडेचार कोटींच्या आसपास गेले. मग मधे कोविड, आणि २०२४ ला पुन्हा त्याच आकड्यावर. म्हणजे देश म्हणून मेक्सिकोला फारसं काही झालं नाही.

कारण कॅनकूनला जाणाऱ्याने सहा महिने आधी विमान आणि हॉटेल धरलेलं असतं, पैसे अडकलेले असतात, आणि तो विमानतळावरून थेट रिसॉर्टच्या आवारात जातो. बॉर्डरच्या गावाला जाणारा सकाळी चहा पिता पिता ठरवतो आज जायचं का. त्याचं काहीच अडकलेलं नसतं, रद्द करायला एक फोनसुद्धा लागत नाही. ज्याचा निर्णय सगळ्यात हलका तोच पहिल्यांदा गळतो, आणि बॉर्डरची गावं अशाच माणसांवर जगतात.

जहाजी

मोजमाप यांचा मुद्दा पटला. फक्त मोठ्या ठिकाणांना काहीच होत नाही असं नाही, सिनालोआ राज्यातलं मासात्लान बंदर आठवा. २०११ मध्ये मोठ्या क्रूझ कंपन्यांनी एकापाठोपाठ एक तिथला थांबा काढून टाकला, २०१३ च्या शेवटी जहाजं परत यायला लागली. क्रूझचं गणित क्रूर असतं, प्रवासी ठरवतच नाही, कंपनीचा सिक्युरिटी विभाग एका बैठकीत ठरवतो आणि दर आठवड्याला येणारी दोन-तीन हजार माणसं एका झटक्यात बंद.

सिनालोआ लेव्हल ४ आहे, पण मजकुरात मासात्लानला अपवाद दिलेला असायचा, सरकारी लोक विमानाने किंवा समुद्रमार्गे येऊ शकतात, ते पण सोना दोरादा आणि जुनं शहर एवढ्याच भागात. अशी गल्लीपर्यंत आखलेली सूचना मला जास्त प्रामाणिक वाटते.

याउलट आकापुल्को. एकेकाळी हॉलिवूडचे नट तिथे सुट्टीला यायचे. त्याचं राज्य गेरेरो लेव्हल ४, सरकारी कर्मचाऱ्यांना तिथे जायची परवानगी नाही. परदेशी माणूस जवळजवळ संपला, शहर टिकलं ते मेक्सिको सिटीहून वीकेंडला येणाऱ्या देशी लोकांवर.

पासोकर

एल पासोहून. समोर मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस, २०१० साली एका वर्षात तीन हजारांवर खून. त्या वर्षात आमचं एल पासो अमेरिकेतल्या सगळ्यात सुरक्षित मोठ्या शहरांमध्ये मोजलं जात होतं. एकच नदी, दोन काठ.

पण उलटी बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितेय. ३ ऑगस्ट २०१९ ला आमच्या इथल्या मोठ्या स्टोअरमध्ये गोळीबार झाला, एकूण २३ माणसं गेली, त्यातले आठ मेक्सिकोचे नागरिक. शनिवार होता, शाळा सुरू होणार होत्या, हुआरेसची माणसं दर शनिवारी येतात तशी वह्या-दप्तरं घ्यायला आली होती. ती पण सीमा ओलांडून आलेली पर्यटकच की. दोन दिवसांनी उरुग्वेने आपल्या नागरिकांना सांगितलं की अमेरिकेत सांभाळून, डेट्रॉइट, बाल्टिमोर, अल्बुकर्कीची नावं घेऊन. इथे लोक ते वाचून चिडले होते, आमच्या देशाला असं कसं काय म्हणता म्हणून.

माझ्या घरी कामाला मदत करणाऱ्या बाई हुआरेसच्या. त्यानंतर कित्येक आठवडे त्यांची बहीण पूल ओलांडून आली नाही, कुठल्या सरकारने तिला सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच ठरवलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या गावावर असा शिक्का बसला की कसं वाटतं. आम्ही रोज भाजी आणतो, मुलांना शाळेत सोडतो ते गाव दुसऱ्याच्या नकाशावर धोक्याचं.

मुक्काम_फिनिक्स

पासोकर ताई, वाचून गलबलून आलं.

पॉलिसीवाली

मी ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये आहे. इथे कोणी विचारलं नाही पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सांगते.

सूचना कोण देतंय आणि तुमची पॉलिसी कुठल्या देशातली आहे यावर फार फरक पडतो. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेलात तर बहुतेक साध्या पॉलिसी लागूच होत नाहीत, त्यामुळे तिथे सरकारचं एक वाक्य बदललं की टूर कंपन्यांना माणसं परत आणावी लागतात. मे २०१४ मध्ये केनियाच्या मोम्बासाहून शेकडो ब्रिटिश पर्यटकांना असंच मधेच विमानात बसवून परत आणलं होतं, ते दहशतवादाच्या भीतीने, पण यंत्रणा तीच. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने ती सूचना म्हणजे सल्ला उरत नाही, बंदीच होते.

अमेरिकेत असं सरसकट नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सूचना आधीपासून होती आणि तुम्ही नंतर पॉलिसी घेतलीत तर भीती वाटली म्हणून रद्द केलं याचे पैसे मिळत नाहीत, कारण ते तुम्हाला माहीत होतं असं धरतात. दोन, काही पॉलिसीत लेव्हल ४ ची ठिकाणं सरळ वगळलेली असतात, मग तिकडे पाय मोडला तरी खर्च तुमचा. कोणत्याही कारणाने रद्द करता येईल असं वेगळं कव्हर मिळतं, महाग असतं, पहिलं बुकिंग केल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावं लागतं आणि परत मिळतात ते साधारण ५० ते ७५ टक्केच.

माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी बरेच जण लेव्हल ३ म्हणजे कायद्याने बंदी समजतात. तसं नाहीये. अमेरिकी सरकार सामान्य नागरिकाला मेक्सिकोत जायला अडवत नाही, बंधनं आहेत ती फक्त त्यांच्या कर्मचाऱ्यांवर.

हिरवंकार्ड

थोडं अवांतर पण आपल्या लोकांना लागू होणारं. आपल्यातले बरेच जण भारतीय पासपोर्टवर आहेत. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे जाणं सोपं वाटतं. पण ती सूचना अमेरिकी नागरिकांसाठी लिहिलेली आहे. काही झालं तर तिहुआनातल्या अमेरिकी वकिलातीने आपल्यासाठी धावायचं असं काही नाही, आपला दूतावास मेक्सिको सिटीला. त्याचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. फोन चोरीला गेला की कागदच कामाला येतो.

सडेतोड

मला यात राजकारण दिसतं. मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर २०२३ मध्ये म्हणालेच होते की आमचा देश अमेरिकेपेक्षा सुरक्षित आहे. दोन देशांचं बिनसलं की लेव्हल वाढते, पटलं की कमी. ऑगस्ट २०२५ ला त्यात दहशतवादाचं कारण पण घातलं, कार्टेलना, म्हणजे ड्रगच्या टोळ्यांना, दहशतवादी ठरवल्यानंतर. रस्त्यावर काय बदललं त्या दिवशी?

मोजमाप

सडेतोड, शेवटचा प्रश्न रास्त आहे, कारणांच्या यादीत भर पडली पण देशाची लेव्हल २ च राहिली. पण सरसकट राजकारण म्हणायला माझा विरोध. सरकार सोयीनेच लिहीत असतं तर युकातान आणि कांपेचे ही राज्यं लेव्हल १ वर राहिली नसती, नॉर्वेला जी लेव्हल देतात तीच. युकातानमधल्या मेरिदाला लोक निर्धास्त राहतात आणि सूचनाही तेच सांगते. राष्ट्राध्यक्षांच्या विधानाचं म्हणाल तर खुनांचं प्रमाण मेक्सिकोत अमेरिकेच्या कितीतरी पट आहे, ते वाक्य आकड्यांवर टिकत नाही. फक्त ते खून कुठे, कोणाचे आणि कशावरून होतात हे पर्यटकाच्या वाटेशी फार कमी वेळा जुळतं. पण जुळलं की मातामोरोस होतं.

आणि रिसेप्शनच्या मुलीचा अनुभव अगदी खरा आहे. या सूचना ठरावीक काळाने पुन्हा तपासायचा नियम आहे. तपासल्या की नवीन तारीख पडते, बऱ्याचदा मजकूर जवळजवळ तोच असतो, पण बातमी येते नवीन वॉर्निंग म्हणून. धोका वाढला नाही तरी भीती दर वेळी ताजी होते.

नदीकाठ

हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. अजून एक सांगायचं राहिलं. त्याच तामाउलिपासमध्ये नुएवो प्रोग्रेसो म्हणून गाव आहे, पुलावरून चालत जायचं, पुढे एकच मोठा रस्ता, दातांचे दवाखाने, औषधांची दुकानं, चष्मेवाले. थंडीत उत्तरेकडून येऊन राहणारे म्हातारे अमेरिकन, ज्यांना इथे विंटर टेक्सन म्हणतात, ते लेव्हल ४ असूनही तिथे जातात. त्यांच्या हिशेबाने इथल्या दाताच्या बिलाची भीती तिथल्या गोळीपेक्षा मोठी आहे. मी कोणाला जा म्हणणार नाही. पण इथे दात बसवायला परवडलं असतं तर ती माणसं पुलावर चालत गेलीच नसती.

तिन्हीसांज

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल बहिणीला सगळा धागा पाठवला, मातामोरोससकट, काही लपवलं नाही. तिच्या मिस्टरांनी बाहाचं पान पुन्हा उघडून यावेळी खालपर्यंत वाचलं आणि मला फोन करून विचारलं की रस्त्यावरची टॅक्सी घेऊ नका असं लिहिलंय, मग तुम्ही दवाखान्यात कशा जाता? मी सांगितलं की मी नऊ वर्षं रस्त्यावरचीच घेत होते. आता ऍपवरून बोलावणार, ते त्यांचं बरोबर आहे.

नाताळच्या सुट्टीत येतायत. सकाळी सातला चालत पलीकडे, आधी गाढवाची गाडी, मग पासाहे रोद्रिगेस. ती गल्ली पर्यटक यायचे थांबले तेव्हा बंद दुकानांची झाली होती, २०१० च्या सुमारास तिथल्याच तरुण चित्रकारांनी गाळे घेऊन परत उघडली, भिंती बघण्यासारख्या आहेत. दुपारी तीनच्या आत लाईनीत उभं राहायचं म्हणजे अंधाराआधी घरी. दवाखान्यात पण नेणार आहे, भाचीची दाढ दुखतेय. मी फोन केला तर रिसेप्शनच्या मुलीने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं पेनने लिही.